दोन लेकरांची एक गाडी



जालन्याचे मोठेपण सांगताना जुनी माणसे 'जालना, सोने का पालना' ही म्हण आवर्जून ऐकवतात. बाजारपेठेच्या भरभराटीला पाळण्याची उपमा सुचावी, यातच या गावाच्या स्वभावातील घरगुतीपणा दिसून येतो. मात्र पाळणा घरातच टांगलेला असतो. आईला बाहेर पडावेच लागते. लसीकरणासाठी दवाखान्यात, दर्शनासाठी स्थानकात वा मंदिरात, सायंकाळी मोकळ्या हवेसाठी मोतीबागेत. कडेवर नवजात बाळ आणि बोटाला दोन-अडीच वर्षांचे थोरले लेकरू, अशा अवस्थेत शंभर पावले चालणेही किती कठीण असते, हे दोन लेकरांच्या मातांना सांगावे लागत नाही. म्हणूनच दुसऱ्या बाळंतपणासाठी लेक माहेरी आली की आजकाल घरात एक प्रश्न हमखास निघतो: दोघांना एकत्र बसवता येईल अशी दुहेरी बाबागाडी घ्यावी काय, आणि घ्यायची तर कोणती?

आपल्या आजी-पणजींना हा प्रश्न पडला नाही, कारण घरात हात पुष्कळ होते. धाकटे आजीच्या मांडीवर, थोरले आजोबांच्या खांद्यावर किंवा काकांच्या दुकानात गादीवर. आईच्या वाट्याला एका वेळी एकच मूल येई. आज मुलगा आणि सूनबाई पुण्यात, मुंबईत वा परदेशात दोघेच राहतात. मुलगा सकाळी कामावर गेला की दोन्ही लेकरे आणि एकटी आई, असा दिवसभराचा हिशेब असतो. तेव्हा दुहेरी बाबागाडी म्हणजे श्रीमंतीचा थाट, असे म्हणून हा विषय उडवून लावू नये. एकट्या आईला घराबाहेर पडता यावे, हा त्यामागील खरा प्रश्न आहे. बाळंतपणानंतर आठवडेच्या आठवडे चार भिंतींत अडकून पडलेल्या आईचे मन कोमेजते, हे सर्वच घरांनी लक्षात ठेवले पाहिजे.

बाबागाडीचा इतिहास या दृष्टीने मोठा बोलका आहे. १७३३ साली इंग्लंडमध्ये विल्यम केंट या वास्तुकाराने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक छोटी गाडी घडविली. ती बकरीने किंवा लहान तट्टाने ओढावी अशी योजना होती. म्हणजे बाबागाडीचा जन्मच मुळी जनावर जुंपण्याच्या गाडीतून झाला. त्यानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी, १९६५ साली, ओवेन मॅक्लॅरेन नावाच्या निवृत्त अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी तयार केली. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केले होते. त्यांची लेक नातवंडाला घेऊन मॉस्कोहून माहेरी आली असता, तिची अवजड गाडी पाहून आजोबांनी विमानात वापरतात तसल्या हलक्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांची गाडी बनविली. तिचे वजन तीन किलोंहूनही कमी होते. एका आजोबांनी लेकीची अडचण डोळसपणे पाहिली, त्यातून हे घडले. आपल्यालाही तेच करायचे आहे; आपल्याला गाडी घडवायची नाही, फक्त निवडायची आहे.

निवड करताना बहुतेक जण कापडाचा रंग, कंपनीचे नाव आणि किंमत या क्रमाने पाहतात. खरे तर पहिली गोष्ट पाहायची ती लेकरांचे वजन. सोयीसाठी एक घर डोळ्यांपुढे घेऊ. थोरले मूल दोन वर्षांचे, वजन १२ किलो; धाकटे नवजात, वजन ३ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांतील मधले आकडे साधारण असेच आहेत. याचा अर्थ एका लेकराचे वजन दुसऱ्याच्या चौपट. हीच स्थिती वर्षभराने पाहिली, तर थोरले १४ किलोंचे आणि धाकटे नऊ किलोंच्या पुढे गेलेले असेल. फरक नऊ किलोंवरून पाचांवर येतो. म्हणजे गाडीचा तोल सांभाळण्याची सर्वांत कठीण वेळ पहिल्याच काही महिन्यांत येते, जेव्हा आईच्या अंगात शक्ती सर्वांत कमी असते. जुळ्यांसाठी उत्तम असलेली गाडी आपल्याला उत्तम ठरेलच असे नाही, याचे कारण हेच. जुळ्यांचा काटा मध्यावर असतो, आपला एका बाजूला कललेला.

दुहेरी बाबागाडीचे मुख्य प्रकार दोन. एकात आसने शेजारी-शेजारी असतात, दुसऱ्यात एकामागे एक. शेजारी आसनांच्या गाडीत दोन्ही मुलांना समोरचे सारखेच दिसते, एकमेकांचा हात धरता येतो आणि बहुधा दोन्ही आसने सारख्याच प्रमाणात मागे कलतात. परंतु १२ आणि ३ किलोंचे ओझे दोन बाजूंना ठेवल्यावर थोरल्याच्या बाजूचे चाक अधिक दाबले जाते. सरळ जाण्यासाठी हाताने सतत उलट जोर द्यावा लागतो आणि एका हाताने गाडी ढकलणे जवळजवळ अशक्य होते. चाके मोठी असली आणि पुढची फिरती चाके खटका लावून सरळ पक्की करता येत असली, तर हा त्रास बराच कमी होतो.

एकामागे एक आसनांची गाडी अरुंद असते, त्यामुळे दरवाजातून आणि दुकानांच्या गर्दीतून सहज जाते. तिची अडचण निराळी. रस्त्यातील उंचवटा ओलांडताना आपण मूठ खाली दाबून पुढची चाके उचलतो. त्या वेळी सारे वजन मागच्या आसाभोवती फिरते. समजा, पुढचे आसन मागच्या आसापासून ६० सेंटिमीटर आणि मागचे २० सेंटिमीटर पुढे आहे. थोरले पुढे बसले तर बारा साठे सातशेवीस आणि तीन विसे साठ, मिळून ७८० इतका भार उचलावा लागेल. थोरले मागे आणि धाकटे पुढे असेल तर बारा विसे दोनशेचाळीस आणि तीन साठे एकशेऐंशी, मिळून ४२०. गाडीचे स्वतःचे वजन बाजूला ठेवले, तर मेहनत जवळजवळ निम्मी झाली! लेकरे तीच, गाडी तीच, केवळ जागा बदलली.

पण येथेच एक मेख आहे. नवजात बाळाला पाठ सपाट टेकलेलीच लागते. युरोपातील मानकानुसार सहा महिन्यांखालील बाळाच्या आसनाची पाठ बैठकीशी किमान १५० अंशांचा कोन करील इतकी मागे कलली पाहिजे. अनेक गाड्यांत दोनपैकी एकच आसन इतके सपाट होते. ते मागचे असेल तर बाळ मागे आणि जड थोरले पुढे, अशी सक्ती होते आणि आपला वरचा हिशेब उलटतो. म्हणून अशी गाडी घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा: कोणते आसन सपाट होते? दोन्ही सपाट होत असतील तर उत्तम. बाळ कोठे बसवायचे याविषयी कंपनीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल, ते मात्र कोणत्याही हिशेबापेक्षा वरचढ मानावे.

बैलगाडी भरणाऱ्या जुन्या माणसांना तोलाचे हे शास्त्र पुस्तकाशिवाय येत असे. ओझे पुढे अधिक झाले तर जू बैलांच्या मानेवर दाबते आणि मागे अधिक झाले तर गाडी उलाळ होते, म्हणजे पुढची धुरा वर उचलली जाते. बाबागाडीचेही तसेच. मुठीला भाजीची पिशवी लटकवायची, पुढचे लेकरू उचलून घ्यायचे आणि पाठ फिरवायची, की गाडी मागे उलटते. आत राहिलेल्या बाळासह उलटते. म्हणून सामान नेहमी खालच्या जाळीत ठेवावे. मुठीला पिशवी असेलच तर आधी पिशवी काढावी, मग लेकरू. ब्रेक लावल्याशिवाय मुलांना बसवू वा उतरवू नये. थोरल्याला पाय ठेवण्याच्या फळीवर उभे राहून स्वतः चढू देऊ नये. १२ किलोंचा भार टोकाला पडला की गाडी पुढे कलंडते. उतारावर तर ब्रेक लावूनही मूठ सोडू नये.

गाडीची परीक्षा कशी घ्यावी, हे व्यापारी घरांना सांगण्याची खरे तर गरज नाही. आपण माल वजन केल्याशिवाय घेत नाही. परंतु बाबागाडी मात्र रिकामी ढकलून पाहतो आणि 'छान चालते' म्हणून बिल करतो. रिकामी गाडी तर सगळ्यांचीच छान चालते! दुकानात जाताना दहा किलोंचे पिठाचे पोते, दोन किलो साखर आणि तीन किलो डाळ बरोबर न्यावी. पीठ आणि साखर थोरल्याच्या जागी, डाळ धाकट्याच्या जागी ठेवून पट्टे बांधावेत आणि गाडी जिला रोज ढकलायची आहे तिनेच ती ढकलून पाहावी. दुकानाच्या पायरीवर पुढची चाके चढवून पाहावीत, एका हाताने वळवून पाहावे, ब्रेक लावून ढकलावे. मग एका हाताने मिटता येते का, तेही पाहावे. कारण दुसऱ्या हातात बहुधा बाळ असणार. गाडी घरपोच मागवली असेल तर हीच परीक्षा परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी घ्यावी, आणि तोवर खोके फेकू नये.

पट्टीवरील वजनमर्यादाही वाचली पाहिजे. युरोपातील बाबागाड्यांच्या ईएन १८८८ या मानकाचे दोन भाग आहेत: पहिला १५ किलोंपर्यंतच्या मुलांसाठी, दुसरा त्यापुढे २२ किलोंपर्यंतच्या मुलांसाठी. मधल्या चणीचे मूल साधारण सव्वातीन ते साडेतीन वर्षांच्या सुमारास १५ किलोंचे होते. तेव्हा थोरले आधीच तीन वर्षांचे आणि अंगाने भरलेले असेल, तर १५ किलोंची मर्यादा असलेले आसन काही महिन्यांतच निकामी ठरेल. मर्यादा प्रत्येक आसनाची वेगळी असते, एकूण गाडीची नव्हे. 'दोघे मिळून अठरा, मग काय बिघडले' हा हिशेब येथे लागू पडत नाही.

दुसरे माप दरवाजाचे. शेजारी आसनांच्या बहुतेक गाड्या ७५ ते ८० सेंटिमीटर रुंद असतात. घरचा मुख्य दरवाजा, इमारतीच्या लिफ्टचे दार आणि मोटारीची डिकी, ही तीन मापे टेपने घेऊन कागदावर लिहून न्यावीत. जुन्या जालन्यातील वाड्यांची दारे आणि जिने पाहिले, की रुंद गाडी तेथे उंबऱ्याबाहेरच राहणार हे उघड आहे. गाडी मिटूनही १२-१५ किलोंची असेल आणि फ्लॅट लिफ्टविना दुसऱ्या मजल्यावर असेल, तर ती खाली जिन्याजवळच ठेवावी लागेल. तेथे जागा आहे काय, याचा विचार आधी करावा.

तिसरी गोष्ट रस्त्याची. काद्राबादेच्या वा सदर बाजाराच्या वर्दळीत दुचाक्या, हातगाड्या आणि उघड्या नाल्या यांच्या मधून ८० सेंटिमीटर रुंदीची गाडी नेणे म्हणजे धोका पत्करणे होय. लहान, कडक प्लास्टिकची चाके खडीत रुततात आणि प्रत्येक गतिरोधकावर बाळाच्या मानेला हिसका बसतो. याउलट, मुलगा पुण्यातील मोठ्या सोसायटीत राहत असेल, आत फिरण्यास सपाट रस्ता असेल, किंवा परदेशात पदपथावरून रोज थोरल्याला शाळेत सोडण्यास जावे लागत असेल, तर दुहेरी गाडी खरोखर पदरात पडेल. गाडी कोठे खरेदी करतो, यापेक्षा ती कोठे फिरणार, हे अधिक महत्त्वाचे.

म्हणून सर्वच घरांना दुहेरी गाडी घ्या असे आम्ही म्हणणार नाही. जालन्यासारख्या गावात राहणाऱ्या घरांसाठी बहुधा अधिक सोयीची जोडी आहे ती म्हणजे थोरल्यासाठी एक मजबूत एकेरी गाडी आणि धाकट्यासाठी आईच्या छातीशी बांधायची कापडी झोळी. झोळीत बाळ उभे, आईच्या अंगाशी घट्ट असावे. त्याचा चेहरा सतत दिसावा आणि हनुवटी छातीवर दबलेली नसावी, कारण त्याने श्वास कोंडतो. बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे असेल तर डॉक्टरांना विचारूनच झोळी वापरावी. थोरले अडीच-तीन वर्षांचे आणि चालण्यात पटाईत असेल, तर एकेरी गाडीत धाकटे निजवून मागे थोरल्यास उभे राहण्याची चाकांची फळी जोडता येते. मात्र ती आपल्या गाडीला चालते असे पुस्तिकेत लिहिलेले असावे.

गाडी कोणतीही असो, काही पथ्ये सारखीच. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीचे धातूचे बक्कल चटका देण्याइतके तापते. सकाळी आठच्या आत वा सायंकाळी सहानंतरच बाहेर पडावे. ऊन लागू नये म्हणून गाडीच्या टपावरून दुपट्टा पांघरण्याची सवय पुष्कळांना आहे. त्याने आतली हवा कोंडते आणि उष्णता वाढते, म्हणून ते टाळावे. फिरून येताना बाळ झोपले तर घरी आल्यावर त्याला सपाट अंथरुणावर ठेवावे. रात्रभर गाडीतच निजवू नये. मिटताना-उघडताना मुलांना दूर उभे करावे. ज्या मॅक्लॅरेन गाडीचे कौतुक वर केले, त्याच कंपनीला २००९ साली अमेरिकेत सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांवर आवरणे पुरवावी लागली, कारण मुलांची बोटे त्यांत सापडून तुटली होती. मोटारीत बाबागाडीचे आसन चालत नाही. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर असले तरी मांडीवरचे बाळ धक्क्याने हातातून सुटते. त्यासाठी मुलांचे वेगळे आसन लागते, आणि २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानेही १४ वर्षांखालील मुलांना पट्टा वा योग्य आसन सक्तीचे केले आहे.

आणखी एक बाब आपल्या घरांच्या रीतीची. गाडीच्या बैठकीत बिस्किटांचा चुरा आणि दुधाचे डाग राहिले की मुंग्या जमतात; पावसाळ्यात मिटून ठेवलेल्या गाडीत बारीक जीव आसरा घेतात. म्हणून वापरानंतर गाडी मऊ कुंचल्याने झाडून, कोरडी करूनच ठेवावी, आणि पुन्हा उघडण्यापूर्वी सांधे नीट पाहून घ्यावेत. त्यात जीवांची जयणा आहे आणि लेकरांची स्वच्छताही.

आता खर्चाचा ताळेबंद. समजा, दुहेरी गाडी १८,००० रुपयांना मिळाली आणि तिचा उपयोग १५ महिने झाला. महिन्यातून २० दिवस बाहेर पडणे झाले तर ३०० फेऱ्या, म्हणजे एका फेरीस ६० रुपये. महिन्यातून चारच दिवस बाहेर पडणे झाले तर ६० फेऱ्या आणि एका फेरीस ३०० रुपये. पहिल्या घराने ती अवश्य घ्यावी. दुसऱ्या घराने नातेवाइकांकडे, संघातील परिचितांकडे चौकशी करावी. पुष्कळांच्या माळ्यावर अशी गाडी धूळ खात पडलेली असते. मागून आणलेल्या गाडीचे ब्रेक, पट्टे, चाके आणि नळ्यांना गेलेले तडे मात्र बारकाईने तपासावेत. आणि आपले काम झाल्यावर ती माळ्यावर न चढवता पुढच्या घरी पोहोचती करावी. पंधरा महिन्यांची गरज, आणि पंधरा वर्षांची साठवण, हा संग्रह कशाला?

शेवटी थोरल्याविषयी. या साऱ्या हिशेबात आपण त्याला बारा किलोंचे ओझे म्हटले. तो मात्र स्वतःला कालपर्यंत या घराचा राजा समजत होता. बाळ आले आणि आईची मांडी गेली, पाळणा गेला, आता 'तू मोठा झालास, चाल' म्हणून गाडीही गेली, तर त्याच्या मनात धाकट्याविषयी प्रेम कोठून उपजावे? म्हणून नवी गाडी शक्य तर बाळ येण्यापूर्वीच घरी आणावी. ती थोरल्याची म्हणूनच आणावी. चार दिवस त्यानेच तीत फिरावे. मग आलेल्या बाळाला त्याने आपल्या गाडीत जागा द्यावी. 'बाळाच्या गाडीत तूही बस' आणि 'तुझ्या गाडीत बाळाला घेऊ या का', या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आजी-आजोबांनी हे दुसरे वाक्य लक्षात ठेवावे. ज्या दिवशी थोरले आपण होऊन उतरेल आणि मूठ धरून धाकट्याला ढकलू पाहील, त्या दिवशी दुसरे आसन रिकामे झाले तरी गाडीचे पैसे वसूल झाले असे खुशाल समजावे.